स्पर्धा कायद्यातील अर्थशास्त्राचे व्यावसायिक प्रशिक्षण : खानदेशातील कापूस व केळी बाजारपेठांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

१९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परवाना पद्धतीचे महत्त्व ओसरले आणि उद्योगांवर अंकुश ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी बाजारातील स्पर्धेवर सोपविले गेले. परंतु स्पर्धा आपोआप टिकत नाही. विक्रेते एकत्र येऊन भाव ठरवू शकतात, एखादा मोठा उद्योग लहानांची वाट अडवू शकतो. या प्रवृत्तींना आवर घालण्यास १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियम पुरेसा नाही, असे एस. व्ही. एस. राघवन समितीने २००० मध्ये मांडले. त्यातून स्पर्धा अधिनियम, २००२ संमत झाला. भारतीय स्पर्धा आयोगाची स्थापना २००३ मध्ये झाली. स्पर्धाविरोधी करार आणि वर्चस्वाचा गैरवापर यांविषयीची कलमे मात्र २० मे २००९ पासून, तर कंपन्यांच्या एकत्रीकरणाविषयीची कलमे १ जून २०११ पासून अंमलात आली.

हा कायदा इतर कायद्यांहून एका बाबतीत वेगळा आहे. ‘संबंधित बाजारपेठ’, ‘वर्चस्व’, ‘अवाजवी किंमत’, ‘स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम’ हे त्यातील कळीचे शब्द मुळात अर्थशास्त्राचे आहेत. केवळ कलमांचे वाचन करून त्यांचा अर्थ लागत नाही, त्यांना आकडा द्यावा लागतो. आपल्या महाविद्यालयांत मात्र विधी शाखेचा विद्यार्थी मागणीची लवचिकता न शिकता हा कायदा वाचतो आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी लवचिकतेचे सूत्र पाठ करतो, पण ते कोणत्या न्यायपीठापुढे उपयोगी पडते हे त्याला ठाऊक नसते. या दोहोंमधील दरी भरून काढणारे प्रशिक्षण हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. स्पर्धा कायद्यात वापरल्या जाणाऱ्या प्रमुख आर्थिक साधनांचा परिचय करून देणे.
२. आर्थिक पुराव्याच्या जोरावर वा त्याच्या अभावी निकालास वळण मिळालेल्या काही प्रकरणांचे विवेचन करणे.
३. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांसाठी अभ्यासक्रमाची रूपरेषा सुचविणे.

कायद्यातील शब्द आणि अर्थशास्त्राची साधने

कोणत्याही स्पर्धाविषयक प्रकरणात पहिला प्रश्न असतो तो संबंधित बाजारपेठेचा. एखाद्या उद्योगाचे वर्चस्व आहे असे म्हणण्यापूर्वी ते कोणत्या बाजारपेठेत आहे हे ठरवावे लागते. बाजारपेठ फार अरुंद आखली तर प्रत्येक दुकानदार मक्तेदार ठरेल, फार विस्तृत आखली तर कोणीच ठरणार नाही. अधिनियमाच्या कलम १९ मध्ये यासाठी वस्तूची वैशिष्ट्ये, अंतिम उपयोग, किंमत, ग्राहकांची पसंती, वाहतूक खर्च आदी निकष दिले आहेत. या निकषांना मोजमापाचे रूप देणारी कसोटी अमेरिकेच्या १९८२ च्या विलीनीकरणविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून प्रचारात आली. एखाद्या वस्तूचा एकमेव काल्पनिक विक्रेता किमतीत सुमारे ५ टक्के वाढ करून ती टिकवू शकेल काय, असा प्रश्न तीत विचारला जातो. त्याला ते शक्य असेल तर ती वस्तू ही स्वतंत्र बाजारपेठ समजावी. ग्राहक दुसऱ्या वस्तूकडे वळल्याने वाढ तोट्याची ठरत असेल तर ती दुसरी वस्तूही त्याच बाजारपेठेत धरावी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, परिसरातील सर्व ऊतिसंवर्धित केळीची रोपे एकच उत्पादक विकतो. रोपाची किंमत २० रुपये व बदलता खर्च १२ रुपये आहे. म्हणजे प्रत्येक रोपामागे ८ रुपये, किमतीच्या ४० टक्के, शिल्लक राहतात. त्याने किंमत ५ टक्क्यांनी म्हणजे १ रुपयाने वाढविली तर शिल्लक ९ रुपये होईल. पूर्वी १०० रोपांवर ८०० रुपये मिळत होते, तेवढेच मिळविण्यास आता सुमारे ८९ रोपे पुरतात. याचा अर्थ, १०० पैकी ११ पर्यंत रोपांची मागणी घटली तरी वाढ परवडते. त्याहून अधिक शेतकरी पारंपरिक कंदाकडे वळले तर ती तोट्याची ठरते आणि रोपे व कंद यांची बाजारपेठ एकच मानावी लागते. भाववाढीच्या टक्केवारीला भाववाढ व नफ्याचे प्रमाण यांच्या बेरजेने भागले की ही मर्यादा मिळते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे गणित कठीण नाही. कठीण आहे ते शेतकरी खरोखर किती प्रमाणात वळतील याचा पुरावा गोळा करणे. प्रशिक्षणाचा बराच भाग तेथेच खर्च झाला पाहिजे.

या कसोटीत एक सापळाही आहे. किंमत आधीच मक्तेदारीच्या पातळीवर असेल तर आणखी वाढ केल्यास ग्राहक वळणारच. त्यावरून पर्याय उपलब्ध आहेत असा निष्कर्ष काढला तर मक्तेदार सुटतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५६ च्या ड्यू पाँ निकालावर नेमकी हीच टीका झाली आणि हा तर्कदोष त्या प्रकरणातील वस्तूवरून ‘सेलोफेन दोष’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

बाजारपेठ निश्चित झाल्यावर केंद्रीकरण मोजले जाते. त्यासाठी प्रत्येक उद्योगाच्या हिश्श्याचा वर्ग करून बेरीज घेतात. चार जिनिंग कारखान्यांचे हिस्से अनुक्रमे ४०, ३०, २० व १० टक्के असतील तर निर्देशांक १६०० + ९०० + ४०० + १०० म्हणजे ३००० येतो. शेवटचे दोन कारखाने एकत्र आल्यास तो ३४०० होतो. विलीनीकरणाची छाननी या ४०० अंकांच्या वाढीपासून सुरू होते, ती तेथे संपत नाही. नव्या कारखान्याचा प्रवेश कितपत सुलभ आहे, खेडा खरेदी करणारे व्यापारी कापूस किती अंतरावर नेऊ शकतात, हेही पाहावे लागते.

केळीचे प्रकरण : खर्चाच्या हिशेबाविना आरोप

जळगाव जिल्ह्याच्या केळीस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु स्पर्धा कायद्याच्या इतिहासात केळीला त्याआधीच मानाचे स्थान आहे. युनायटेड ब्रँड्स कंपनीच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने १९७८ मध्ये दिलेला निकाल आजही जगभर शिकविला जातो. केळी ही सर्व ताज्या फळांच्या बाजारपेठेचा भाग आहे, असे कंपनीचे म्हणणे होते, कारण त्या विस्तृत बाजारपेठेत तिचा हिस्सा नगण्य ठरला असता. न्यायालयाने ते अमान्य केले. मऊपणा, बियांचा अभाव, हाताळण्यातील सुलभता आणि वर्षभर मिळणारा पुरवठा यांमुळे लहान मुले, वृद्ध व आजारी व्यक्तींची गरज इतर फळे भागवू शकत नाहीत, म्हणून केळीची बाजारपेठ स्वतंत्र आहे, असे न्यायालयाने ठरविले.

निकालाचा दुसरा भाग तितकाच बोधप्रद आहे. वस्तूच्या आर्थिक मूल्याशी वाजवी संबंध नसलेली किंमत म्हणजे अवाजवी किंमत, अशी व्याख्या न्यायालयाने केली. तथापि युरोपीय आयोगाने कंपनीच्या उत्पादनखर्चाचा पुरेसा तपास केलेला नव्हता. परिणामी अवाजवी किमतीचा आरोप न्यायालयात टिकला नाही. गैरवापराच्या अन्य प्रकारांबाबत कंपनी दोषी ठरली, पण किमतीच्या प्रश्नावर आयोग हरला. तत्त्व मान्य झाले, हिशेब कमी पडला.

कापसाच्या बियाण्याचे प्रकरण : अनुत्तरित राहिलेला प्रश्न

खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत निकटचे प्रकरण बीटी कपाशीचे आहे. भारतात बीटी कपाशीस २००२ मध्ये मान्यता मिळाली. हे तंत्रज्ञान जालना येथील महिको आणि अमेरिकेची मॉन्सॅन्टो यांच्या संयुक्त कंपनीमार्फत इतर बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले जात असे व त्यापोटी प्रत्येक ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे गुणधर्म शुल्क आकारले जाई. सुरुवातीच्या काळात हे शुल्क १२५० रुपये होते. त्याविरुद्ध आंध्र प्रदेश सरकारने जुन्या कायद्याखालील मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि २००६ मध्ये त्या आयोगाने शुल्क वाजवी पातळीवर आणण्याचा अंतरिम आदेश दिला. महाराष्ट्रानेही पुढे २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या किमतीचे नियमन करणारा कायदा केला.

नव्या कायद्याखाली हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे केंद्रीय कृषी मंत्रालयाचा संदर्भ व बियाणे कंपन्यांची माहिती यांद्वारे आला. आयोगाने १० फेब्रुवारी २०१६ रोजी प्रथमदर्शनी गैरवापर दिसतो असे म्हणत महासंचालकांकडे तपास सोपविला. आयोगाने दोन स्तर वेगळे केले. वरच्या स्तरावर बीटी कापूस तंत्रज्ञानाची बाजारपेठ आणि खालच्या स्तरावर बीटी कापूस बियाण्यांच्या उत्पादन व विक्रीची बाजारपेठ. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने येथे थांबून विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न पर्यायाचा. कपाशीखालील बहुतांश क्षेत्र बीटी वाणांनी व्यापलेले असताना साधे वाण हा खरा पर्याय होता काय? दुसरा प्रश्न किमतीचा. संशोधनावरील खर्च आधीच झालेला असतो आणि पुढच्या पाकिटासाठी तंत्रज्ञानाचा वाढीव खर्च जवळपास शून्य असतो. अशा वेळी किंमत सीमांत खर्चाइतकी असावी हा पाठ्यपुस्तकी नियम लावला तर संशोधन थांबेल आणि मुळीच न लावला तर कोणतीही किंमत वाजवी ठरेल. मग फवारणीच्या खर्चात झालेली बचत हा आधार घ्यावा काय? तसे केल्यास, २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर त्याच गुणधर्माचे आर्थिक मूल्य किती उरले, हेही मोजावे लागेल. तिसरा प्रश्न कराराच्या अटींचा. परवानाधारकाला प्रतिस्पर्धी तंत्रज्ञानाकडे वळणे अवघड करणाऱ्या अटींमुळे नव्या स्पर्धकाचा प्रवेश किती अडला?

या प्रश्नांची न्यायनिर्णयातून उत्तरे मिळाली नाहीत. दरम्यान केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ च्या किंमत नियंत्रण आदेशान्वये मार्च २०१६ मध्ये बोलगार्ड-२ पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये व त्यातील गुणधर्म शुल्क ४९ रुपये निश्चित केले. २०२० मध्ये हे शुल्क शून्यावर आणले. दुसरीकडे, पेटंटधारकाने आपल्या हक्कांचा केलेला वापर हा पेटंट कायद्याच्या कक्षेतील विषय आहे, स्पर्धा आयोगाच्या नव्हे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. अधिकारक्षेत्राचा प्रश्न असा निकाली निघाला, परंतु १२५० रुपये अवाजवी होते काय आणि ४९ रुपये वाजवी होते काय, हा मूळ आर्थिक प्रश्न तसाच राहिला. ज्यांच्या शेतात ती पाकिटे उघडली गेली त्या जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी तरी या प्रश्नाचा अभ्यास आपला मानावयास हवा.

याच क्षेत्रातील एकत्रीकरणाचे उदाहरणही उपलब्ध आहे. बायर कंपनीने मॉन्सॅन्टो विकत घेण्याच्या प्रस्तावास आयोगाने २०१८ मध्ये सशर्त मंजुरी दिली. महिकोमधील मॉन्सॅन्टोचा भागभांडवली हिस्सा विकणे ही त्यातील एक अट होती. दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाने तिसऱ्या कंपनीतील हिस्सा का विकावा लागतो, हे समजावून देण्यास याहून समर्पक उदाहरण आपल्या परिसरात नाही.

समान भाव आणि संगनमत

बाजार समितीच्या आवारात सर्व व्यापाऱ्यांनी सारखाच भाव पुकारला की संगनमताची शंका घेतली जाते. अधिनियमाच्या कलम ३ मध्ये विक्रीच्या किमतीबरोबर खरेदीच्या किमतीचेही संगनमत समाविष्ट आहे, ही बाब शेतमालाच्या बाजारपेठेत महत्त्वाची ठरते. परंतु समान भाव हा संशयाचा आरंभ असू शकतो, तो स्वतः पुरावा नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी गॅस सिलिंडर उत्पादकांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. इंडियन ऑईलच्या २०१० च्या निविदेत चाळीसहून अधिक उत्पादकांनी सारखे वा जवळपास सारखे दर भरले होते आणि आयोगाने त्यांना दंड केला होता. न्यायालयाने बाजाराची रचना पाहिली. खरेदीदार मोजून तीन तेल कंपन्या, वस्तू प्रमाणित, मागील निविदांचे दर सर्वांना ज्ञात. अशा बाजारात आपसांत न ठरवताही दर सारखे येऊ शकतात, असे मानून दंड रद्द करण्यात आला.

याउलट पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांचे प्रकरण पाहावे. नागरिक चेतना मंच या संस्थेच्या माहितीवरून सुरू झालेल्या तपासात निविदा एकाच संगणकीय पत्त्यावरून भरल्या गेल्याचे आढळले आणि काही सहभागी व्यक्तींनी सौम्य शिक्षेच्या तरतुदीखाली स्वतःहून माहिती दिली. आयोगाने मे २०१८ मध्ये संगनमत सिद्ध झाल्याचे ठरविले. एका प्रकरणात केवळ समान दर होते, दुसऱ्यात संपर्काचा पुरावा होता. हा भेद ओळखण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर तो निष्पाप व्यापाऱ्यावर आरोप करणार नाही आणि दोषी निविदाकाराला सोडणारही नाही.

प्रशिक्षणाची सद्यस्थिती आणि संधी

या विषयाचे पद्धतशीर प्रशिक्षण आज मोजक्या ठिकाणी मिळते. भारतीय स्पर्धा आयोग विद्यार्थ्यांसाठी अंतर्वासिता योजना राबवितो व २०१६ पासून स्पर्धा कायद्याच्या अर्थशास्त्रावर राष्ट्रीय परिषद भरवितो. मानेसर येथील भारतीय कंपनी व्यवहार संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. परदेशात लंडनच्या किंग्ज महाविद्यालयाचा वकील व अर्थतज्ज्ञांसाठीचा दूरशिक्षण अभ्यासक्रम परिचित आहे. या सर्वांची भाषा इंग्रजी, केंद्रे महानगरांत आणि उदाहरणे बहुधा मोठ्या कंपन्यांची. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थ्याला ती दूरची वाटतात.

कायद्याने मात्र दार उघडे ठेवले आहे. आयोगाच्या अध्यक्ष व सदस्यांच्या पात्रतेत अर्थशास्त्र व वाणिज्य यांतील अनुभवाचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३५ नुसार वकिलांखेरीज सनदी लेखापाल, कंपनी सचिव व परिव्यय लेखापाल यांनाही आयोगापुढे बाजू मांडता येते. २०२३ च्या दुरुस्तीने तर पक्षकारांना अर्थशास्त्र, वाणिज्य वा आंतरराष्ट्रीय व्यापारातील तज्ज्ञाचे मत सादर करण्याची मुभा दिली. शिवाय माहिती देण्यासाठी स्वतःचे नुकसान झालेलेच असले पाहिजे असे नाही, कोणतीही व्यक्ती आयोगाकडे माहिती देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने समीर अग्रवाल प्रकरणात डिसेंबर २०२० मध्ये मान्य केले. आयोगातील पदे थोडी आहेत, तेव्हा केवळ नोकरीचे आमिष दाखवून हा अभ्यासक्रम चालविणे योग्य होणार नाही. परंतु नगरपालिकांच्या निविदा, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे करार आणि बाजार समित्यांचे व्यवहार तपासू शकणारी माणसे जिल्ह्यातही हवी आहेत.

अभ्यासक्रमाची रूपरेषा

जळगाव आणि धुळे येथील महाविद्यालयांना परस्पर सहकार्याने ४५ तासांचा, तीन श्रेयांकांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविता येईल. त्यासाठी पुढील सहा घटक सुचवावेसे वाटतात.

१. किंमत सिद्धान्ताची उजळणी : लवचिकता, खर्चाच्या संकल्पना, अल्पविक्रेताधिकार व अल्पग्राहकाधिकार.
२. संबंधित बाजारपेठ : पर्यायता, भाववाढीची कसोटी व तिच्या मर्यादा.
३. वर्चस्व व त्याचा गैरवापर : अवाजवी किंमत, तसेच स्पर्धकाला हुसकावण्यासाठी खर्चाहून कमी ठेवलेली किंमत. खर्च ठरविण्याविषयीच्या आयोगाच्या २०२५ च्या विनियमांचा परिचय.
४. संगनमत : निविदा व लिलावांच्या आकडेवारीचे वाचन.
५. एकत्रीकरण : केंद्रीकरणाचा निर्देशांक व सशर्त मंजुरी.
६. तज्ज्ञ मताचे लेखन.

यांपैकी दुसऱ्या व चौथ्या घटकांना प्रात्यक्षिकाची जोड अपरिहार्य आहे. उदाहरणार्थ, रावेर आणि मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हे शेजारचे केळी पट्टे भौगोलिकदृष्ट्या एकच बाजारपेठ आहेत काय, हे तपासावयास द्यावे. नवती व पिलबागेचे दैनंदिन भाव स्वतंत्रपणे नोंदवून दोन्ही ठिकाणचे चढउतार किती जुळतात ते पाहता येईल. कापसासाठी जळगाव, चोपडा, शिरपूर व दोंडाईचा येथील भाव घेता येतील. मात्र येथेही सावधगिरी शिकविली पाहिजे. सरकीचे किंवा रुईचे देशव्यापी भाव वाढले की सर्वच ठिकाणचा कापूस महागतो. भाव एकत्र हलले म्हणून माल प्रत्यक्षात एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो असे सिद्ध होत नाही. वाहतुकीचा खर्च व मालाची खरी आवकजावक यांची जोड त्याला द्यावी लागते.

शेवटच्या घटकात प्रत्येक विद्यार्थ्याने चार पृष्ठांचे तज्ज्ञ मत मराठीत लिहावे आणि ते अर्थशास्त्र व विधी या दोन्ही विषयांच्या अध्यापकांनी एकत्र तपासावे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ‘आकडा कोठून आला’ असे विचारावे, विधीच्या अध्यापकाने ‘यावरून कोणते कलम सिद्ध होते’ असे विचारावे. दोन्ही प्रश्नांना उत्तर देता आले तरच प्रशिक्षण पूर्ण झाले असे समजावे. अभ्यासातील नोंदींचा उपयोग कोणा स्थानिक व्यापाऱ्यावर जाहीर आरोप करण्यासाठी होऊ नये, हा दंडकही आरंभीच घालून द्यावा.

समारोप

वरील प्रकरणांतून एकच सूत्र हाती लागते. केळीच्या प्रकरणात खर्चाचा हिशेब नव्हता म्हणून किमतीचा आरोप कोसळला. सिलिंडरच्या प्रकरणात बाजाराच्या रचनेचा विचार झाला तेव्हा दंड रद्द झाला. कापसाच्या प्रकरणात हिशेब मांडण्याची वेळच आली नाही. कायदा कितीही चांगला असला तरी तक्रारीला आकड्यांचा आधार देणारी माणसे नसतील तर तो कागदावर राहतो. अन्याय झाल्याची भावना खानदेशातील शेतकऱ्याला नवी नाही, पण भावना म्हणजे पुरावा नव्हे. तिचे पुराव्यात रूपांतर करण्याचे, आणि पुरावा मिळत नसेल तर तसे स्पष्ट सांगण्याचेही, शिक्षण देणे महाविद्यालयांना शक्य आहे. त्यासाठी लागणारी सामग्री बाजार समितीच्या दरफलकावर आणि बियाण्याच्या पाकिटावर छापलेली आहे. अर्थशास्त्र, वाणिज्य व विधी या तिन्ही विभागांनी एका टेबलाशी बसून ती वाचण्यास प्रारंभ करावा, एवढीच अपेक्षा.